दुष्काळ पडला म्हणून बंड झालं? इ.स. ३६७ आणि ओकच्या झाडांची साक्ष

इ.स. ३६७. रोमन सम्राट व्हॅलेंटिनियन पहिला हा आजच्या उत्तर फ्रान्समधल्या आमियाँहून जर्मनीतल्या ट्रिअरकडे निघालेला असताना ब्रिटनहून एक वाईट बातमी येऊन थडकली. उत्तरेकडून पिक्ट, आयर्लंडच्या बाजूने स्कॉटी, आणि त्यांच्याबरोबर अटाकोटी नावाची आणखी एक लढाऊ जमात प्रांतात घुसली होती. समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणाचा प्रमुख नेक्टारिडस मारला गेला होता. फुल्लोफॉडेस नावाचा सेनापती शत्रूच्या सापळ्यात अडकला होता. त्याच सुमारास इंग्लिश खाडीच्या अलीकडे, गॉलच्या किनाऱ्यावर, फ्रँक आणि सॅक्सन टोळ्या लुटालूट करत होत्या.

इतिहासकार याला 'रानटी टोळ्यांचा कट' म्हणतात, कारण अम्मिआनुस मार्केलिनुस या रोमन इतिहासकाराने तसाच शब्द वापरलाय. एरवी एकमेकांशी फारसं देणंघेणं नसलेल्या या टोळ्या एकाच वेळी कशा काय चालून आल्या, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे.

२०२५ साली 'क्लायमॅटिक चेंज' या नियतकालिकात या प्रश्नाला एक नवं उत्तर देणारा शोधनिबंध आला. केंब्रिज विद्यापीठातले चार्ल्स नॉर्मन, उल्फ ब्युंटगेन आणि त्यांचे सहकारी म्हणतात की, ३६७ च्या आधीची सलग तीन वर्षं, म्हणजे ३६४, ३६५ आणि ३६६, भीषण कोरडी होती. पिकं बुडाली, अन्न संपलं, सैन्य कमकुवत झालं आणि हल्ल्याला वाट मिळाली. पुरावा कुठला? ओकच्या झाडांची वलयं.

बातम्यांमध्ये याचं 'दुष्काळामुळे रोमन ब्रिटन कोसळलं' असं होऊन गेलं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला अशा मथळ्याचा मोह होतो. झाड खोटं बोलत नाही, आकडे आहेत, सगळं कसं स्वच्छ! म्हणूनच हा निबंध जरा सावकाश वाचू या. यात तीन वेगवेगळे दावे एकात एक गुंफलेले आहेत: पाऊस कमी पडला, लोक उपाशी राहिले, आणि म्हणून हल्ला झाला. तिन्हींचा पुरावा वेगळा आहे आणि तिन्हींची ताकदही सारखी नाही.

झाडाला पाऊस कसा आठवतो?

थंड प्रदेशातलं ओकचं झाड वर्षाला एक वलय तयार करतं. वसंतात मोठ्या छिद्रांचं सच्छिद्र लाकूड, मग उन्हाळ्यात घट्ट लाकूड, आणि हिवाळ्यात वाढ बंद. चांगलं वर्ष गेलं तर वलय रुंद, वाईट गेलं तर अरुंद. एकाच हवामानाच्या प्रदेशातली झाडं रुंद-अरुंदचा साधारण सारखाच क्रम दाखवतात, जणू एकच बारकोड सगळ्यांवर छापलाय.

याच बारकोडमुळे मेलेल्या झाडांची तारीखही काढता येते. आज जिवंत असलेल्या ओकची आतली वलयं जुन्या चर्चच्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळतात. त्या तुळईची आतली वलयं त्याहून जुन्या विहिरीच्या किंवा पुलाच्या लाकडाशी. असं करत करत मागे जायचं. आयर्लंडमध्ये ओकची अशी साखळी सात हजारांहून जास्त वर्षं मागे नेलेली आहे. त्यामुळे 'हे वलय ३६४ सालचं' हे विधान अंदाजपंचे नसतं. साखळी नीट जुळली असेल तर ते अगदी त्या वर्षापर्यंत अचूक असतं. पुरातत्त्वातल्या इतर बऱ्याच पद्धती 'पन्नास वर्षं इकडे-तिकडे' म्हणतात, तिथे ही अचूकता म्हणजे चैनच.

आता वलयावरून मिलिमीटर कसे काढायचे? त्यासाठी अलीकडच्या काळात जायचं. इंग्लंड आणि वेल्सच्या पावसाच्या एकत्रित नोंदी १७६६ पासून उपलब्ध आहेत. त्या काळातली वलयं आणि मोजलेला पाऊस शेजारी ठेवले की दोघांमधलं नातं एका समीकरणात बसवता येतं. मग तेच समीकरण चौथ्या शतकातल्या वलयांना लावायचं. हीच पद्धत आपल्याकडेही वापरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या सागाच्या वलयांवरून पाचशेहून जास्त वर्षांचा आलेख तयार केलाय आणि त्यात मान्सून रुसल्याच्या खुणा शोधल्या आहेत.

तर नॉर्मन आणि मंडळींचे आकडे असे आहेत. एप्रिल ते जुलै या वाढीच्या हंगामात, इ.स. ३५० ते ५०० या काळात महिन्याला सरासरी ५१ मिलिमीटर पाऊस पडायचा. ३६४ मध्ये तो २९ मिलिमीटर होता, ३६५ मध्ये २८ आणि ३६६ मध्ये ३७. म्हणजे पहिली दोन वर्षं सरासरीच्या जेमतेम ५५ टक्के, आणि तिसरं वर्ष थोडं बरं, पण तरी तुटीचंच.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक म्हणजे ब्रिटन हा मुळात ओला देश. पाण्याची ददात नसलेल्या ठिकाणी झाडाची वाढ फक्त पावसावर ठरत नाही. सावली, शेजारची तोड, कीड, ओकवर येणारा मोहर-फळांचा भर, सगळ्याचा परिणाम वलयावर होतो. त्यामुळे पाऊस आणि वलय यांचं नातं कोरड्या प्रदेशांत असतं तितकं घट्ट नसतं, आणि '२८' या आकड्याभोवती चांगलीच रुंद त्रुटीची पट्टी असते. बातमीत आकडा येतो, पट्टी येत नाही.

दुसरं, हे ओक प्रामुख्याने दक्षिण ब्रिटन आणि उत्तर फ्रान्समधले आहेत. हल्ला करणारे पिक्ट मात्र हेड्रियनच्या भिंतीपलीकडचे, आजच्या स्कॉटलंडमधले. तिकडे पश्चिम भागात शेतीची नेहमीची तक्रार कोरड्याची नाही, अति ओलीची असते. दक्षिणेतला दुष्काळ तिकडे तितकाच पोचला असं या वलयांवरून आपोआप सिद्ध होत नाही.

तरीही पहिला दावा बऱ्यापैकी उभा राहतो. सलग तीन वर्षं वसंत-उन्हाळा कोरडा गेला, हे मानायला हरकत नाही.

कोरडं वर्ष म्हणजे उपासमार?

रोमन ब्रिटनमधली मुख्य पिकं म्हणजे स्पेल्ट नावाचा गहू आणि बार्ली. निबंधाच्या लेखकांचा भर वसंतात पेरल्या जाणाऱ्या पिकावर आहे, आणि ते योग्यच आहे. नुकत्याच उगवलेल्या रोपाची मुळं उथळ असतात, एप्रिल-मे कोरडे गेले की ते मान टाकतं. पण शरद ऋतूत पेरलेलं पीक हिवाळ्याच्या ओलीवर मुळं खोल सोडून बसलेलं असतं. आपल्याकडे खरीप गेलं तरी रब्बी तगू शकतं, तसंच काहीसं. म्हणजे नुकसान किती झालं, हे कुठलं पीक किती जमिनीवर होतं यावर अवलंबून आहे. झाडाचं वलय ते सांगत नाही.

शिवाय ब्रिटन काही कायम हातावर पोट असलेला प्रांत नव्हता. जेमतेम आठ वर्षांपूर्वी, ३५९ च्या सुमारास, ज्युलियनने ऱ्हाइन नदीवरच्या सैन्यासाठी ब्रिटनमधूनच धान्य आणवलं होतं. त्याने स्वतः लिहिलंय की त्यासाठी सहाशे जहाजांचा ताफा होता. ते धान्य ठेवायला नदीकाठी कोठारं पुन्हा बांधली गेली. आता ही माहिती दोन्ही बाजूंनी वाचता येते. एवढं पिकवणाऱ्या प्रांताकडे साठाही असणार, असं एक जण म्हणेल. दुसरा म्हणेल, प्रांताचं धान्य असं उचलून नेलं जात असेल तर वाईट वर्षासाठी कोठारात उरणार काय? दुष्काळात पावसाइतकाच धान्य कोण उचलतं हाही प्रश्न असतो.

मग उपासमारीचा थेट पुरावा कुठला? इथे सगळी भिस्त अम्मिआनुसच्या एका शब्दावर येते. तो म्हणतो, ब्रिटन पराकोटीच्या 'इनोपिया'ला पोचलं होतं. बातम्यांमध्ये याचं भाषांतर सरळ 'भुकेची परिसीमा' असं झालं.

लॅटिनमध्ये भुकेला, दुष्काळातल्या उपासमारीला, 'फामेस' असा स्वतंत्र शब्द आहे. 'इनोपिया'चा अर्थ त्याहून पसरट: टंचाई, साधनं हाताशी नसणं, हलाखी. आपल्या 'दैना' शब्दाच्या जवळचा. 'गावाची दैना झाली' असं कुणी म्हटलं तर अन्न नव्हतं की घरं जळाली, हे पुढचं-मागचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून वाक्याची रचना बघायची. अम्मिआनुसच्या वाक्यात ही दैना झाली आहे *कटामुळे*. टोळ्यांनी छळल्यामुळे प्रांत या अवस्थेला पोचला, असा त्याचा क्रम आहे. म्हणजे मथळ्यातलं कारण आणि परिणाम या वाक्यात नेमके उलटे आहेत! आधी दुष्काळ होता हे या वाक्यावरून सिद्ध करायला जाणं म्हणजे घर जळाल्याची बातमी दाखवून आग लागायच्या आधीच घरात अन्न नव्हतं, असं म्हणणं.

याचा अर्थ उपासमार झालीच नाही असा होत नाही. पण पावसाच्या आकड्याला जोडायला जो स्वतंत्र साक्षीदार हवा होता, तो या वाक्यातून मिळत नाही. दुसरा दावा शक्यतेच्या पातळीवरच राहतो.

१०६ लढायांचं गणित

लेखक फक्त ३६७ वर थांबलेले नाहीत. त्यांनी इ.स. ३५० ते ४७६ या काळातल्या १०६ लढायांची यादी घेतली आणि कोरड्या वर्षांनंतर लढाईची शक्यता वाढते असं दाखवलं. एका घटनेवरून निष्कर्ष काढण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण असा आकडा वाचताना काय विचारायचं, हे पाहू.

पहिला प्रश्न: नुसत्या योगायोगाने किती जुळलं असतं? १२७ वर्षांत १०६ लढाया म्हणजे दर वर्षाला सरासरी ०.८. इतक्या दाट यादीत तुम्ही डोळे मिटून कुठल्याही वर्षावर बोट ठेवलं तरी वर्ष-दोन वर्षांत लढाई सापडण्याची शक्यता भरपूर. म्हणून 'कोरड्या वर्षानंतर लढाई झाली' एवढं पुरत नाही. संगणकाला सांगायचं की या १०६ लढाया हजारो वेळा वाटेल तशा विखरून टाक, आणि दर वेळी कोरड्या वर्षांशी किती जुळतात ते मोज. खरा आकडा या योगायोगांच्या ढिगात उठून दिसला, तरच नात्याला अर्थ. अशी चाचणी हे या क्षेत्रातलं किमान पथ्य आहे.

दुसरा प्रश्न: लढाया एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का? नाहीत. एक लढाई दुसरीला जन्म देते. एका मोहिमेतल्या पाच लढाया पाच वेगळ्या नोंदी म्हणून मोजल्या, तर एकच घटना पाच वेळा मतदान करते.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: यादी कुणी लिहिली? अम्मिआनुसच्या इतिहासाचा जो भाग आज शिल्लक आहे, तो ३५३ ते ३७८ या वर्षांचा. या पंचवीस वर्षांत आपल्याला चकमकीसुद्धा कळतात. त्यानंतर इतक्या बारकाव्याने लिहिलेला, सलग हाती आलेला लॅटिन इतिहास नाही. म्हणजे ३६० च्या दशकात लढाया जास्त दिसण्याचं एक साधं कारण 'तेव्हा लिहून ठेवणारा होता' हेही असू शकतं. नेमकी त्याच दशकात कोरडी वर्षं आली, तर संगणकाला नातं दिसेल, मग ते हवामानाचं असो की शाईचं.

त्याच वर्षांतली बाकीची बंडं

आता एक सोपी कसोटी लावू. त्या काही वर्षांत साम्राज्यात आणखी काय काय चाललं होतं?

३६५ च्या सप्टेंबरमध्ये प्रोकोपियसने कॉन्स्टँटिनोपलमध्ये बंड करून स्वतःला सम्राट जाहीर केलं. तो आधीचा सम्राट ज्युलियनचा नातेवाईक. पूर्वेचा सम्राट व्हॅलेन्स याचा सासरा पेट्रोनियस जुनी येणी उकरून काढून लोकांना पिळत होता, त्याचा राग शहरात होताच. प्रोकोपियसने त्या रागावर आणि शहरातून जाणाऱ्या सैन्याच्या तुकड्यांवर डाव लावला. मे ३६६ मध्ये तो पकडला गेला आणि मारला गेला.

त्याला गॉथ लोकांनी तीन हजार माणसं मदतीला पाठवली होती. तो हिशेब चुकता करायला ३६७ मध्ये व्हॅलेन्स डॅन्यूब ओलांडून गॉथांवर चालून गेला.

पश्चिमेला अलामानी टोळ्या गॉलमध्ये घुसल्या. अम्मिआनुस त्याचं कारण सांगतो. दरबारातून त्यांना ठरलेल्या भेटी मिळायच्या. या वेळी त्या कमी आणि हलक्या दर्जाच्या दिल्या, वर अधिकाऱ्याने दूतांना उर्मटपणे वागवलं. दूतांनी त्या भेटी फेकून दिल्या आणि अपमान घेऊन घरी गेले. ३६६ मध्ये जोव्हिनस या सेनापतीने त्यांना हरवलं.

खुद्द रोममध्ये ३६६ साली बिशपच्या निवडणुकीवरून दमासस आणि उर्सिनस यांच्या समर्थकांत दंगल झाली. एका बॅसिलिकामध्ये एकाच दिवशी १३७ मृतदेह सापडले. त्यात भर म्हणून ३६७ मध्ये व्हॅलेंटिनियन इतका आजारी पडला की दरबारात वारसाची कुजबुज सुरू झाली. शेवटी २४ ऑगस्टला त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, ग्रेशियनला, सहसम्राट केलं.

येणी, अपमान, बदला, गादी, धर्मपीठ. यातलं कॉन्स्टँटिनोपल तर या ओकच्या जंगलांपासून दोन हजार किलोमीटरहून दूर. तिथलं हवामानच वेगळं. तरी तिथेही त्याच वर्षांत बंड झालंच. म्हणजे ३६५-३६७ ही वर्षं पेटायला दक्षिण ब्रिटनच्या पावसाची गरज नव्हती. साम्राज्य वेगवेगळ्या कारणांनी एकाच वेळी सगळीकडे ताणलेलं होतं, आणि ब्रिटनवरच्या हल्ल्याचं एक कारण कदाचित हेच: मदतीला यायला कुणी मोकळंच नव्हतं.

मग ब्रिटनमध्ये नेमकं काय तुटलं?

याचं उत्तर हल्ल्यापेक्षा नंतरच्या दुरुस्तीत जास्त दिसतं. दोन-तीन माणसं पाठवून बघितल्यावर सम्राटाने थिओडोसियस या सेनापतीला पाठवलं. तो आजच्या बुलोनहून निघून रिचबरोला उतरला आणि लंडनकडे गेला. वाटेत त्याला लुटारूंच्या सुट्या टोळ्या भेटल्या. बांधलेले कैदी आणि गुरं हाकत त्या निघाल्या होत्या. त्याने लूट सोडवली, थोडा भाग दमलेल्या सैनिकांना दिला, बाकी मालकांना परत केली.

मग त्याने दोन गोष्टी केल्या. पळून गेलेल्या सैनिकांना परत आलात तर माफी, असं जाहीर केलं. म्हणजे सैन्य मुळात आतून गळत होतं. आणि 'अरेआनी' नावाचं सीमेवरच्या हेरांचं दल बरखास्त केलं. त्यांचं काम टोळ्यांच्या हालचाली सैन्याला कळवणं. लुटीतल्या वाट्याच्या आमिषाने ते उलट रोमन सैन्याच्या बातम्या टोळ्यांना पुरवत होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या टोळ्या एकाच वेळी कशा आल्या, याचं उत्तर यात बरंचसं मिळतं. कुंपणानेच शेत खाल्लं.

आता दुष्काळ कुठे बसवायचा? बसतो तर इथेच. सैनिकाला पगाराइतकीच शिध्याची ओढ असते. धान्य आटलं की शिधा आटतो, शिधा आटला की सैनिक पळतो आणि हेर विकला जातो. निबंधाच्या लेखकांचाही तर्क साधारण याच वाटेने जातो, आणि तो अशक्य अजिबात नाही. पण मग दुष्काळ हे 'कारण' नसून आधीच झिजलेल्या दोरीवरचा जास्तीचा भार ठरतो. शिधा वेळेवर पोचणारं, हेरांना सांभाळणारं सरकार असतं तर तीच तीन कोरडी वर्षं कदाचित नुसती 'वाईट वर्षं' म्हणून विसरली गेली असती.

एक सावधगिरी मात्र अम्मिआनुसबाबतही हवी. तो लिहीत होता इ.स. ३९० च्या आसपास. तेव्हा गादीवर होता सम्राट थिओडोसियस, म्हणजे याच सेनापतीचा मुलगा. साहेबांच्या वडिलांनी मिटवलेलं संकट कुणी लहान करून लिहील का?

एवढा खटाटोप कशासाठी?

'हवामानामुळे संघर्ष' हे वाक्य आज आपण सारखं ऐकतो, आणि त्याला पाठबळ म्हणून इतिहासातले असे निबंध पुढे केले जातात. त्यातला धोका असा की सगळा दोष पावसावर ढकलला की माणसं सुटतात. येणी उकरणारा सासरा सुटतो, भेटींत काटछाट करणारा अधिकारी सुटतो, कोठार रिकामं करणारा सुटतो. पाऊस कमी पडला याला कुणी जबाबदार नसतं. पण कमी पावसात कोण उपाशी राहिलं, याला बहुतेक वेळा कुणीतरी असतं.

म्हणून हा निबंध वाचताना मी त्याचे तीन तुकडे करून ठेवते. ३६४ ते ३६६ कोरडी होती: पुरावा चांगला. त्यामुळे उपासमार झाली: शक्य आहे, पण 'इनोपिया' शब्द ते सिद्ध करत नाही. त्या उपासमारीने हल्ला घडवला: फार तर अनेक कारणांपैकी एक. झाडांनी आपलं काम चोख केलंय. वर्ष सांगितलं, पावसाचा अंदाज दिला. हेर का विकले गेले हे मात्र झाडाला विचारू नये.

पुढच्या वेळी कुठल्याही काळाबद्दल 'दुष्काळामुळे साम्राज्य कोसळलं' असा मथळा दिसला, तर तुम्हीही हेच तीन तुकडे करून पाहा. आणि प्रत्येक तुकड्याचा साक्षीदार वेगळा आहे ना, एवढं नक्की तपासा.